गुरुवारी या

राधानगरी,
नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर बाबा विषय पगारावर नेतात आणि आई जेवणावर, म्हणून लिहायला बसलोय. शिवाय दाजीपूरच्या जंगलात रेंज कुठली! परवा आई दिवसभर फोन लावत होती तेव्हा मी तिथल्या सावराई सड्यावर, उघड्या कातळमाळावर होतो. जेवलो होतो.

पावसाळ्यात बंद असलेलं अभयारण्य उघडलंय आणि शनिवार-रविवारच्या जीप भरायला लागल्यात. बाबा, दिवाळीत पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात, "इंजिनिअर होऊन जनावरं दाखवत फिरतोय." लागलं थोडं. पण खरं सांगायचं तर जनावरं मी दाखवतच नाही. ती दाखवतात गाइड म्हणून आमच्याबरोबर येणारे इथल्या गावातले दादा. गेल्या रविवारी वाटेत गव्याचं शेण पडलेलं. मी आपला गव्याचे पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, वजन असं काय काय सांगत सुटलो होतो. दादा वाकले, शेणावर पालथा हात धरला आणि म्हणाले, "अजून ऊन हाय. गप बसा." थोड्या वेळानं कारवी हलली आणि एक काळाभोर नर बाहेर आला. कान तेवढे हलत होते. आमच्याकडं बघत उभा राहिला आणि कंटाळून निघून गेला. तोवर मीसुद्धा गप्पच.

माझं बोलणं खपतं ते राधानगरी धरणाच्या तलावापाशी. कोल्हापुरात आपल्या शुक्रवार पेठेत राधानगरी म्हणजे पुराची बातमी. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि त्याच्या आधीच आईचे धान्याचे डबे माळ्यावर. २०१९ ला तेही पुरलं नाही. दरवाजे उघडले की बाबा "उघडले त्यांनी" म्हणून चिडायचे. बाबा, ते कुणी उघडत नाही. सातही स्वयंचलित आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानंच उघडतात, पाणी उतरलं की आपोआप मिटतात. मग ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत, म्हणजे आपल्या दारात. शाहू महाराजांनी काम काढलं, ते १९२२ मध्ये गेले आणि धरण पुरं व्हायला १९५७ उजाडलं. गावाला नाव त्यांच्या लेकीचं, राधाबाईंचं. हे सांगताना जीपमधलं एखादं माणूस एकदम शांत होतं. ते हमखास पूर बघितलेलं, कोल्हापूरचं असतं.

त्या पाण्याला तुम्ही फक्त खालून बघितलंय. एकदा वरून बघा. आत्ता ते निळं आणि इतकं गरीब दिसतं की आईला खोटंच वाटेल.

गुडघ्याचं कारण चालणार नाही. बाबांना पुढची सीट, चालायचं काही नाही. आतला रस्ता मात्र आदळतो, कमरेचा पट्टा बांधून या. आई, भडंग डब्यात आण, प्लास्टिकची पिशवी मी आत नेऊ देत नाही, तुलासुद्धा. आणि तो लाल स्वेटर घरीच ठेव.

रविवारी गर्दी असते, गुरुवारी या. पहाटे साडेचारला जीप दारात येईल. माझे पैसे नकोत. दादांचे मात्र बाबांनी द्यायचे, पाहुण्यांसमोर बोलल्याबद्दल.

तुमचा,
बाळू