निळ्या पिंपात आधी काय होते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काजूचा हंगाम जवळ आला की बोंडूचे (काजूच्या रसाळ फळाचे) दर, भट्ट्यांची पावणी म्हणजे लिलाव, आणि पहिल्या धारेच्या हुर्राक या मद्याची चाहूल यांच्या बातम्या आपल्या दैनिकात नेमाने येतात. परंतु फेणी गाळण्यासाठी तुडवलेल्या बोंडूचा रस ज्या भांड्यात आंबतो, त्या भांड्याविषयी फारसे कुणी लिहीत नाही. लिहिलेच तर कोडें हे मातीचे मोठे भांडे गेले आणि प्लास्टिकचे पिंप आले, एवढी हळहळ व्यक्त करून विषय संपवला जातो.

ही हळहळ मला पटत नाही. अर्धे जमिनीत पुरलेले कोडें रसाला थंड ठेवत असे हे खरे. पण ते डोंगरावरच्या भट्टीपर्यंत सुखरूप नेणे हे एक दिव्य होते, त्याला तडा गेला की सगळा रस मातीत जात असे, आणि त्याच्या सच्छिद्र अंगात मागच्या हंगामाचा आंबटपणा मुरून राही तो निराळाच. याउलट दोनशे लिटरचे रिकामे पिंप आठ-दहा किलोंचे असते, एकटा माणूस ते उचलून नेतो आणि पडले तरी ते फुटत नाही. तेव्हा पिंप आता जाणार नाही हे मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे, आणि पुढचा प्रश्न एकच आहे: हे पिंप भट्टीवर येण्यापूर्वी कुठे होते?

नवे पिंप महाग पडते म्हणून अनेक जण भंगारवाल्याकडून जुने घेतात. त्यात कधी लोणचे किंवा आंब्याचा रस आलेला असतो, तर कधी द्रावक, रंगाचा कच्चा माल, साबणाचे रसायन किंवा कीटकनाशक. बाहेरून सारी पिंपे सारखीच निळी दिसतात आणि लेबल तर भंगारात पोहोचण्याआधीच सोललेले असते. पिंपावर त्रिकोणात २ हा आकडा दिसला की ते खाण्यापिण्यासाठी चालते, असा एक समज पसरला आहे. वास्तविक तो आकडा प्लास्टिक एचडीपीई (उच्च घनतेचे पॉलिथिलीन) जातीचे आहे एवढेच सांगतो. अंगावर उठवलेल्या ‘यूएन १एच१’ किंवा ‘१एच२’ या अक्षरांचा अर्थ, हे बंद किंवा उघड्या तोंडाचे प्लास्टिकचे पिंप धोकादायक मालाच्या वाहतुकीच्या कसोटीला उतरले आहे, इतकाच होतो. आत आधी काय भरले होते हे त्यावरूनही कळत नाही. अन्नाच्या संपर्कासाठी बनवलेल्या मालावर पेला आणि काट्याचे चिन्ह असू शकते, पण तेही पिंप नवे असतानाच खरे. मधल्या मालकाने आत काय ओतले याची हमी ते देत नाही.

‘चार वेळा सोड्याने धुतले, आता वास नाही’ हे उत्तर भट्टीवर हमखास मिळते. एचडीपीई काचेसारखे अभेद्य नसते. द्रावक आणि तेलकट रसायने त्याच्या अंगात शिरतात, धुण्याने केवळ पृष्ठभाग स्वच्छ होतो, आणि पुढे आंबट, मद्यार्कयुक्त द्रव त्यात काही दिवस राहिला की मुरलेले द्रव्य हळूहळू पुन्हा बाहेर येऊ लागते. ज्याला खात्री करायची असेल त्याने धुतलेल्या पिंपात कोमट पाणी भरून झाकण लावावे आणि दुसऱ्या दिवशी ते उघडताच नाक जवळ न्यावे. वास आला तर ते पिंप बाद समजावे. मात्र वास आला नाही म्हणून ते निर्धोक ठरत नाही, कारण सगळ्याच विषांना वास नसतो. ऊर्ध्वपातनात, म्हणजे रस उकळून त्याची वाफ थंड करताना, सर्व काही मागे राहते असे समजणारेही आहेत, पण बाष्पशील द्रावके मद्यार्काबरोबरच वाफ होऊन पुढे येतात.

चांगले पिंप मिळाले तरी ते आंबवणासाठी जुळवून घ्यावे लागते, आणि इथे बेफिकिरी अधिक दिसते. पाऊण भरलेल्या पिंपात दीडशे लिटर रस आणि त्यात दहा टक्के साखर धरली, तर ती साखर पुरती आंबताना सात किलोंहून अधिक, म्हणजे सुमारे चार हजार लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो. असे पिंप लोखंडी कड्याने घट्ट बंद करणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. तोंडाला स्वच्छ मलमलीचे कापड बांधावे किंवा झाकणाला वायू जाण्यासाठी नळी बसवावी. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खाली साचतो, म्हणून पिंपात डोके घालून तळ खरवडण्याची सवय जिवावर बेतू शकते. रस काढण्यासाठी तळापासून चार बोटे वर तोटी बसवली की गाळ खालीच राहतो, परंतु ती तोटी पितळेची नको, कारण आंबट रस पितळेतला धातू ओढतो. घासताना तारेचा ब्रश अजिबात वापरू नये. त्याने पडलेल्या ओरखड्यांत व्हिनेगर करणारे जीवाणू ठाण मांडतात आणि मग दर वर्षी रस आंबट का होतो याचा दोष बोंडूला दिला जातो. मोठ्या पिंपातला रस आंबताना स्वतःच तापतो आणि जाड प्लास्टिकमधून ती उष्णता लवकर निघत नाही. पिंप सावलीत ठेवून बाहेरून ओले गोणपाट गुंडाळले तर कोड्याचा थंडावा काही अंशी तरी परत मिळवता येतो. तयार फेणी मात्र प्लास्टिकमध्ये मुळीच साठवू नये. चाळीस टक्क्यांहून अधिक मद्यार्क प्लास्टिकमधून कितीतरी अधिक द्रव्य ओढतो, आणि त्यासाठी काचच योग्य.

फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा राज्य शासनाने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. अन्नाशी संपर्कात येणाऱ्या प्लास्टिकमधून किलोमागे ६० मिलिग्रॅमहून अधिक द्रव्य झिरपता कामा नये, अशी मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग विनियमांत आहे. घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार घातक कचरा ठरतात आणि ती अधिकृत प्रक्रियादाराकडेच गेली पाहिजेत. म्हणजे नियमांची उणीव नाही. ते डोंगरातल्या भट्टीपर्यंत पोहोचत नाहीत, एवढेच.

अबकारी खात्याला माझी विनंती आहे की, येत्या पावणीच्या अटींत आंबवणाच्या पिंपांच्या खरेदीची पावती दाखवण्याची अट घालावी. लहान भट्टीवाल्यांना एकदम नवी पिंपे घेणे परवडणार नाही, तेव्हा सहकारी संस्थांमार्फत ती सवलतीत पुरवावीत आणि जुनी बदलण्यासाठी दोन हंगामांची मुदत द्यावी. त्याचबरोबर औद्योगिक वसाहतींतून रसायनांची रिकामी पिंपे भंगारात जाऊ नयेत यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती कारखान्याच्या फाटकाबाहेर पडण्यापूर्वीच चिरून निकामी करण्याची सक्ती करावी.

आपला,
एक काजू बागायतदार, सत्तरी