सर्जरीत गेले होते, ऑपरेशनला नव्हे

रेडिंग,
9 नोव्हेंबर 2025

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर 'सर्जरीत गेले होते' एवढंच म्हणाले आणि रेंज गेली. पुन्हा फोन लागेपर्यंत तू बाबांना झोपेतून उठवलंस, दादाला दुकानातून बोलावून घेतलंस आणि, वहिनी सांगत होती, देवापुढे निरांजनही लावलंस. चूक माझीच. इथे इंग्लंडात डॉक्टरच्या साध्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात. कापणं-शिवणं काही नाही, खोकला झाला तरी सर्जरीतच जायचं. आमच्या गावाचं नाव रीडिंग लिहितात आणि रेडिंग म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून सगळी हकिकत लिहूनच पाठवते. त्यांना वाचून दाखव.

डॉक्टर 'मिळवावा' लागतो, हे मला कराडात कधी कळलंच नव्हतं. ताप आला की चपला घालायच्या आणि निघायचं. कंपाउंडर नाव न विचारता केसपेपर काढणार, डॉक्टरकाका माझी जीभ बघता बघता तुझ्या गुडघ्याची चौकशी करणार. इथे आधी घराजवळच्या एका दवाखान्यात नाव नोंदवायचं, मग तो आपला डॉक्टर. मोठ्या हॉस्पिटलातल्या तज्ज्ञाकडेही बहुतेक वेळा तोच पाठवतो, आणि माझी थायरॉईडची गोळी त्याच्या चिठ्ठीशिवाय कुठलं मेडिकल देत नाही.

आता खरं सांगते. तू बॅगेत घातलेली गोळ्यांची दुसरी बाटली मी निघायच्या रात्री काढून ठेवली होती. वजन दोन किलो जास्त भरत होतं आणि गोडा मसाला सोडवेना. तिकडे काय गोळ्या मिळत नाहीत, असं म्हटलं. जुलैअखेर आले, पुढचे दोन-अडीच महिने घर लावण्यात गेले. ऑक्टोबरच्या मध्यावर एका सकाळी बाटली हलवली तर आतून नुसता खुळखुळ आवाज. ताटलीत ओतून मोजल्या. 23.

पहिला दवाखाना आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. त्यांनी पिनकोड टाकून बघितला आणि सांगितलं, तुमचं घर आमच्या हद्दीत येत नाही. समोरच्या बाजूची घरं येतात, आमची बाजू नाही. दुसरा दवाखाना ऑक्सफर्ड रोडच्या बाजूला, तिथे हद्दीत बसलो. पण काउंटरवरची बाई म्हणाली, पत्त्याचा पुरावा आणा. लाइट बिल, कौन्सिल टॅक्सची पावती किंवा बँकेचं पत्र, आणि ते तुमच्या नावावर हवं.

आई, माझ्या नावाचा एक कागद नव्हता. घराचा करार ह्यांच्या नावावर, व्हिसासुद्धा ह्यांच्या नोकरीवर. लाइट-पाणी भाड्यातच धरलेलं, त्यामुळे बिल येतं ते घरमालकाला. बँकेत खातं उघडायला गेले तर त्यांनाही पत्त्याचा पुरावाच हवा. तुला आठवतं ना, लग्नानंतर आपल्या रेशनकार्डातून नाव कमी करून सासरच्या कार्डात चढवायला किती हेलपाटे घातले होते? मधले काही दिवस मी कुठल्याच कार्डात नव्हते. तसंच झालं, फक्त इथे तहसील कचेरीबाहेर झेरॉक्सवाला नाही.

ती बाई वाईट नव्हती. तीन वेळा सॉरी म्हणाली. इथे नाही म्हणतानाही सॉरी म्हणतात, त्यामुळे माणसाला नीट भांडताही येत नाही. हे मात्र घरी जाम तापले. व्हिसा काढतानाच सरकारने आरोग्याचा अधिभार म्हणून माणशी वर्षाला 1,035 पौंड घेतलेत, म्हणजे आपले लाखाच्या वर, आणि तेही तीन वर्षांचे एकदम. पैसे आधी आणि डॉक्टर मात्र नाही, हे त्यांचं पालुपद आठवडाभर चाललं.

त्या दिवशी रांगेत माझ्या पुढे एक नेपाळी आजी होत्या. इथे गुरखा पलटणीतल्या लोकांची बरीच कुटुंबं आहेत. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढून एकेक काउंटरवर ठेवत होत्या आणि पलीकडून 'हा नाही, हा नाही' चाललं होतं. शेवटी सगळं पुन्हा गुंडाळून निघून गेल्या. मी काही बोलले नाही. काय बोलायचं ते मलाच माहीत नव्हतं.

कळलं ते कोपऱ्यावरच्या मेडिकलात. कराडची चिठ्ठी घेऊन गेले होते. फार्मसिस्ट म्हणाला, भारतातल्या चिठ्ठीवर मला गोळी देता येणार नाही. मग हळूच विचारलं, नाव कुठे नोंदवलंय? मी रडगाणं गायले. तो म्हणाला, घरी जाऊन सरकारी आरोग्यसेवेच्या वेबसाइटवर नियम वाच.

वाचला. आई, सरळ लिहिलंय. नाव नोंदवायला ओळखपत्र लागत नाही, पत्त्याचा पुरावा लागत नाही, व्हिसा दाखवावा लागत नाही. दवाखाना मागू शकतो, पण तुमच्याकडे नाही म्हणून तुम्हाला परत पाठवू शकत नाही. नाव नाकारलंच तर 14 दिवसांत कारण लेखी द्यायचं. हद्दीबाहेर म्हणून नाही म्हणायचा हक्क त्यांना आहे, म्हणजे पहिला दवाखाना बरोबरच होता. दुसऱ्याने मात्र मला उगाच रडवलं.

'नाकारताय ते लेखी द्याल का' हे इंग्रजी वाक्य मी आरशासमोर दहादा म्हणून बघितलं. कानाला उद्धट लागू नये आणि गुळमुळीतही नको. नियमाचं पान छापून घेतलं आणि गेले. काउंटरवर तीच बाई. वाक्य म्हटलं, तेही थोडं अडखळतच. ती आत गेली, दोन मिनिटांनी आली आणि न बोलता फॉर्म पुढे सरकवला. सॉरी या वेळी नाही म्हणाली, गंमत बघ.

फॉर्मवर 'पूर्वीचं आडनाव' असा रकाना होता. कितीतरी दिवसांनी माहेरचं आडनाव लिहिलं. जन्मगावाच्या रकान्यात कराड लिहिलं आणि उगाच जरा वेळ पेन तिथेच राहिलं. मागे प्रश्नांचा आणखी एक कागद होता. सिगारेट ओढता का, आठवड्याला दारू किती घेता? शून्य लिहिलं. ह्यांनी काय लिहिलं ते विचारू नकोस.

पुढचं पटपट सांगते. थोड्या दिवसांनी सरकारी आरोग्यसेवेचा दहा आकडी नंबर मिळाला, तो आता जन्मभराचा. अपॉइंटमेंटला सकाळी आठला फोन करायचा, म्हणजे तुमचे दीड वाजलेले असतात. आठला एक मिनिट असताना लावला तर अजून बंद, आठ वाजून एक मिनिटाने लावला तर रांगेत सतरावी. डॉक्टरबाई फोनवरच बोलल्या, दहा मिनिटं, पण घाई न करता. रक्त तपासायला बोलावलं आणि रिपोर्ट येईपर्यंत महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या. आपल्याकडे 75 ची एक गोळी घ्यायचे, इथे 50 ची एक आणि 25 ची एक अशा दोन डब्या. चिठ्ठीवरच्या औषधाला एरवी नगामागे 9 पौंड 90 पेन्स पडतात, पण थायरॉईडची गोळी कायमची असली तर एक कार्ड मिळतं आणि पाच वर्षं सगळीच औषधं फुकट. अर्ज केलाय.

रागावू नकोस, पण मधे आठ दिवस मी गोळी एकाआड एक घेतली, पुरावी म्हणून. डॉक्टरबाई रागावून झाल्यात, त्यामुळे तुझा वाटा त्यांच्याच खात्यात धर.

त्या नेपाळी आजींना सांगायचं राहिलं आहे. ऑक्सफर्ड रोडला भाजीला गेले की नजर फिरवते, अजून दिसल्या नाहीत. नियमाच्या पानाची घडी पर्समध्येच आहे.

आता तुझ्यासाठी कामं. कपाटात निळी फाइल आहे, तिच्यातले माझे 2019 पासूनचे थायरॉईडचे रिपोर्ट दादाला सरळ फोटो काढून पाठवायला सांग, मागच्यासारखे अंगठ्यासकट नकोत. कुणाबरोबर गोळ्या पाठवू नकोस, आता गरज नाही. मे महिन्यात तुम्ही दोघं याल तेव्हा पाहुणे म्हणून तात्पुरतं नाव माझ्याच दवाखान्यात घालू. डॉक्टरला दाखवायचे पैसे पडत नाहीत, पण हॉस्पिटलात ठेवायची वेळ आली तर बिल मोठं येतं, म्हणून दादाला प्रवासाचा विमा नक्की काढायला सांग. तुझ्या बीपीच्या गोळ्या पुऱ्या मुक्कामाच्या आण, आणि डॉक्टरकाकांकडून चिठ्ठीवर कंपनीचं नाही, औषधाचं मूळ नाव लिहून घे. अक्षर वाचता येईल असं काढा म्हणावं.

आणि ती काढून ठेवलेली बाटली माझ्या कपाटात वरच्या खणात असेल. तारीख बघून टाकून दे.

तुझी,
लेक