ढोल थांबवू नका, आधी सांगा

मा. संपादक,

शिमगा तोंडावर आलाय. आमच्या गुहागर तालुक्यात आता गावोगाव मानकऱ्यांच्या बैठका बसतील, पालखी कधी कुठल्या वाडीत जायची ते ठरेल. त्याआधी हे छापून यावं म्हणून घाईने लिहितो.

मी सोळाव्या वर्षापासून पालखीपुढे ढोल वाजवतो. माझा मुलगा ५ वर्षांचा आहे आणि त्याला ढोल सोसत नाही. गेल्या शिमग्यात पालखी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात आली तेव्हा ढोलावर मीच होतो. पहिली थाप पडली आणि तो पडवीतून आत पळाला. आईने धरायला हात पुढे केला तर तिच्या मनगटाला कडकडून चावला. मग कॉटखाली शिरला, कानांवर तळवे दाबून कपाळ भिंतीवर आपटत राहिला. बाहेर बायका ओटी भरायला थांबलेल्या, आणि मी गळ्यात ढोल अडकवून दारात उभा. एकजण म्हणाला, लाडावलाय, दोन रट्टे दे. दुसरा म्हणाला, काहीतरी बाधा आहे, गाऱ्हाणं घाल. गाऱ्हाणं घातलं. रट्टे तर त्याच्या आधीच देऊन झाले होते, लपवत नाही.

शर्टाच्या कॉलरमागची पट्टी कापल्याशिवाय तो शर्ट घालत नाही. समुद्रावर नेला तर वाळूला पाय लावत नाही, चपला घालूनच चालतो. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी आम्ही त्याला सांगतो, 'आता होणार हं.' सांगितलं की कान झाकून उभा राहतो, रडत नाही. हे आमच्या लक्षात यायला दोन वर्षं गेली.

रत्नागिरीत दाखवलं तेव्हा कान तपासले, ते उत्तम निघाले. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे मुलांना रोजच्या गोष्टी जमाव्यात म्हणून उपचार करणाऱ्या बाईंनी एक गोष्ट समजावली. हट्ट करणारं पोर मधूनमधून बघतं, कोणी बघतंय का. हवं ते हातात पडलं की गप्प होतं. याला त्या वेळी कोणी दिसतच नाही, आणि काहीही दिलं तरी तो थांबत नाही. तेव्हा बोलायचं नाही, ओरडायचं तर नाहीच, गर्दीतून बाजूला न्यायचं. एरवी अंगाला जोर पडेल अशी कामं द्यायची. आता तो परड्यातले नारळ एकेक करून पडवीत आणतो, आंब्याचा रिकामा क्रेट ढकलत खळ्याला फेऱ्या मारतो. शेजारी हसतात. हसू देत, त्या रात्री तो झोपतो.

रत्नागिरीहून परतताना जयगडहून तवसाळला फेरीबोटीने आलो. इंजिनाची एवढी घरघर, पण हा कठड्याला गाल लावून शांत बसलेला! एकसारखा आवाज चालतो, अवचित पडणारा ठोका चालत नाही.

हा ऑटिझम (स्वमग्नता) आहे का, ते तपासणं अजून चालू आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, नुसत्या आवाजाच्या त्रासाचा त्यात वेगळा प्रकार नाही. म्हणजे तोवर आम्ही कशातच बसत नाही. अंगणवाडीत मुलांना तपासायला पथक येतं तेव्हा हे सगळं सांगा, एवढं मात्र इतर आईबापांना सांगेन. मी सांगितलं नव्हतं. चारचौघांत लाज वाटली.

डीजेबद्दल लिहीत नाही. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर नको हा नियम २००० सालापासून आहे, त्याचं काय होतं ते गणपतीत सगळ्यांनाच ऐकू येतं. माझं मागणं फक्त पालखीपुरतं आहे, आणि ढोल बंद करा असं मी तर म्हणूच शकत नाही. पालखी कुठल्या घरी साधारण किती वाजता येणार ते आदल्या दिवशी कळवा. असं मूल ज्या घरात असेल तिथे ढोल बांधावर थांबू द्या, खळ्यात पालखी नुसती नाचवा. यात देवीचा मान कमी होत नाही, असं आमच्या गुरवांनीच मला सांगितलं.

परवा ढोल माळ्यावरून काढला आणि वाजवायची काठी, टिपरू, त्याच्या हातात दिलं. त्याने स्वतः दोनदा मारलं, कान न झाकता. तिसऱ्यांदा मी मारायला गेलो तर माझा हात धरला.

– गुहागर तालुक्यातील एक ढोलवाला
(नाव-गाव सोबत कळवले आहे, कृपया छापू नये.)