सायकल विका, पण पंप भंगारात देऊ नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आमच्या बिल्डिंगखाली भंगारवाला आला होता, त्याच्या काट्यावर दोन गंजलेल्या सायकली आणि त्यांच्यासोबत दोन उभे पंप पडलेले दिसले. एकाचा मीटर चालू होता, पाइप शाबूत होता, दांडा वर ओढून खाली दाबला तर भस्सकन हवा आली. ज्यांचा होता त्यांना विचारलं तर म्हणाले, सायकलच राहिली नाही तर पंप ठेवून काय करू. मी तो मागून घेतला आणि वर आणला, आणि त्याच दिवशी ठरवलं की यावर तुमच्या पेपरला लिहायचं, कारण २०२० च्या लॉकडाऊननंतर मुंबईत घराघरांत सायकली आल्या, त्यांच्याबरोबर हे पंप आले, आणि आता जागा नाही म्हणून सायकल जाते तेव्हा पंपही तिच्याबरोबर जातो. सायकल विका, त्याला माझी हरकत नाही, एवढ्याशा घरांत ती ठेवणार कुठे. पण पंप ठेवा.

मी म्हणतेय तो उभा पंप, खालच्या पट्टीवर दोन्ही पाय ठेवून दोन हातांनी दाबायचा, सायकलच्या दांड्याला अडकवतात तो छोटा नव्हे. त्याच्याबरोबर बहुतेक वेळा एक बॉलची सुई आणि एक निमुळतं प्लॅस्टिकचं तोंड येतं, आणि खरं काम याच दोन वस्तू करतात.

सगळ्यात आधी खिडक्यांबद्दल सांगते, कारण पावसाळ्यात याचा त्रास झाला नाही असं घर आमच्या लालबाग-परळच्या टॉवरांमध्ये सापडायचं नाही. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ॲल्युमिनियमच्या चॅनलला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती भोकं आहेत हेच कित्येकांना माहीत नसतं. वर्षभर बांधकामांची धूळ, केस, कबुतरांची पिसं त्यात बसतात आणि जुलैत पाऊस तिरका आला की चॅनल भरतो, पाणी आतल्या बाजूने ओसंडतं आणि गादीपर्यंत येतं. आम्ही दोन वर्षं खिडकीत जुने टॉवेल कोंबत होतो, सिलिकॉन भरणाऱ्याला बोलावलं तर त्याने बाहेरून आणखी सिलिकॉन मारलं आणि त्यात एक भोक बुजवूनच टाकलं. मग एका संध्याकाळी मुलाने जुन्या टूथब्रशने चॅनल घासला, ते बुजलेलं भोक टाचणीने मोकळं केलं, पंपाला निमुळतं तोंड लावून प्रत्येक भोकाशी धरलं आणि मी दांडा दाबला. तिसऱ्या दाबाला काळी लगद्यासारखी घाण बाहेर उडाली. नंतर मग्गाभर पाणी चॅनलमध्ये ओतलं तर ते गुळगुळ करत बाहेर गेलं, आणि त्या पावसाळ्यात टॉवेल लागला नाही. फक्त करायच्या आधी खाली बघा, खालच्या मजल्यावर कुणाचे कपडे वाळत असतात, आणि मे महिन्यातच करा, पाऊस सुरू झाल्यावर ती माती चिखल होऊन घट्ट बसते.

एसीचंही तसंच. रात्री दीड वाजता एसीतून थेंब थेंब पाणी उशीवर पडायला लागलं, सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर म्हणाले चार दिवसांनी माणूस येईल, सीझन आहे. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की पाणी जायच्या पाइपात शेवाळासारखा चिकट बुळबुळीत थर साठतो. आमच्या पाइपाचं टोक बाल्कनीत आहे. मेन स्विच बंद केला, एसीखाली चादर आणि परात ठेवली, पंपाच्या तोंडाला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ते पाइपात घट्ट बसवलं. पहिल्यांदा मी घाईने जोरात दाबलं आणि घाण पाणी उलटं ट्रेमध्ये जाऊन भिंतीवर आलं, म्हणून सांगते, चार-पाच हळू दाब द्या, तोंड काढा, पाणी वाहू द्या, परत द्या. जोर लावला तर आतला जोड सुटू शकतो. थोड्या वेळाने हातभर लांब हिरवट दोरा बाहेर आला आणि पाणी धार लावून पडायला लागलं. यानेही गळणं थांबलं नाही तर मात्र दुसरं काहीतरी बिघडलेलं असतं, तेव्हा मेकॅनिकच हवा.

फ्रिजमध्ये भाजीच्या ट्रेखाली पाणी साठतं ना, तिथेही मागच्या भिंतीला खाली एक भोक असतं, ते कोथिंबिरीच्या काड्यांनी बुजतं. फ्रिजचं बटण बंद करून दोन दाब पुरतात.

स्वयंपाकघरात मी पंप सगळ्यात जास्त वापरते तो बर्नरसाठी. पितळी बर्नर घासून धुतले की भोकांत पाणी राहतं, तसेच लावले की ज्योत पिवळी होते, फडफडते, भांड्याचं बूड काळं होतं. बर्नर शेगडीवरून काढून सिंकमध्ये उपडा धरायचा आणि आतून बाहेर हवा मारायची, पाण्याचे तुषार कसे उडतात ते बघण्यासारखं आहे. शेगडीच्या आतल्या जेटला आणि गॅसच्या पाइपाला पंप लावायचा नाही म्हणजे नाही.

हे करताना मला आमची गिरणगावातली चाळ आठवते. रॉकेलच्या स्टोला आई काकडा लावायची आणि मग पंप मारायची, आणि स्टो धड पेटेना की दादा पंपाचा दांडा उपसून आतला चामड्याचा वायसर काढायचे, तो वाळून आकसलेला असायचा, त्याला तेल पाजून बोटांनी वाटीसारखा पसरवायचे. जुन्या सायकलपंपात अगदी तसाच चामड्याचा वायसर असतो. दांडा खाली येताना हवेच्या दाबाने त्याची कड नळीला चिकटते म्हणून हवा वर निसटत नाही, आणि चामडं सुकलं की ती कड चिकटत नाही, एवढंच. म्हणजे "पंप मेला" म्हणून जे पंप भंगारात जातात त्यातल्या कित्येकांना फक्त तेल हवं असतं किंवा नवा वायसर, जो सायकलवाल्याकडे मिळतो. नव्या पंपांत रबराची रिंग असते, तिला साधं तेल चालत नाही, रबर फुगतं, सिलिकॉन ग्रीस लावायचं.

पंप सगळंच करतो असं मी म्हणणार नाही. माझ्या पंपाची नळी आतून साधारण ३ सेंटिमीटर रुंद आहे आणि दांडा ५० सेंटिमीटर वर येतो, म्हणजे एका दाबात साडेतीनशे मिली हवा. पाहुणे आले म्हणून एकट्याची हवेची गादी फुगवायची तर अडीचशे-तीनशे लिटर हवा लागते, म्हणजे सात-आठशे दाब. कुणाला जमणार? या पंपात दाब भरपूर पण हवा थोडी, म्हणून बारीक भोकातलं काम याचं, गादीचं नाही. वाढदिवसाच्या फुग्यांनाही एकेकाला वीस-पंचवीस दाब लागतात, त्यापेक्षा फुग्यांचा स्वस्त प्लॅस्टिक पंप बरा. मुलांचे बॉल मात्र याच पंपाने भरावेत. नियमाप्रमाणे फुटबॉलला ८.५ ते १५.६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि व्हॉलीबॉलला साडेचारच्या आसपास लागतं, आणि आपला मीटर १६० पर्यंत असतो त्यामुळे इतक्या खाली काटा नीट सांगत नाही, अंगठ्याने दाबूनच बघावं लागतं. सुई आधी पाण्यात बुडवा, कोरडी घातली की आतला रबर फाटतो.

आता जे लिहायला मी खरंतर बसले ते. माझे सासरे शेवटची तीन वर्षं व्हीलचेअरवर होते. चेअर जड जायला लागली, मला वाटलं माझेच हात दुखतात, वय झालं. त्याहून वाईट म्हणजे उतारावर ब्रेक लावला तरी चेअर सरकायची, एकदा दवाखान्याच्या रॅम्पवर ती माझ्या हातातून निघता निघता राहिली आणि तो क्षण मला अजून झोपेत आठवतो. कुणी सांगितलं नव्हतं की व्हीलचेअरचा ब्रेक टायरला बाहेरून दाबतो, टायरमध्ये हवा नसेल तर त्याला दाबायला काही उरतच नाही. मुलाच्या सायकलचा पंप कपाटामागे उभा होता. चेअरचा वाल्व स्कूटरसारखाच निघाला, टायरच्या कडेला किती हवा भरायची तो आकडा छापलेला होता, दोन मिनिटांत भरली. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते हे खरं, पण आजारी माणसाला चेअरसकट तिथे कोण नेणार? त्यानंतर दर रविवारी सकाळी मी हवा बघायचे, आणि सासरे हात टायरवर ठेवून "आता बरी आहे" म्हणायचे. ज्यांच्या घरी व्हीलचेअर आहे त्यांनी आज टायर दाबून बघा. भरीव रबराचे टायर असतील तर प्रश्न नाही.

पोरांसाठी एक सांगते. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली एक तृतीयांश पाण्याने भरायची, तोंडाला घट्ट रबरी बूच, त्यातून सुई आरपार, बाटली उपडी उभी करायची आणि लांबून पंप मारायचा. बूच सुटलं की पाणी खाली आणि बाटली सरळ वर. आमच्या कंपाउंडमध्ये मे महिन्यात हे केलं तेव्हा सातवीतल्या मुलीने स्वतःहून न्यूटनचा तिसरा नियम म्हणून दाखवला. बाटली कोल्ड्रिंकचीच घ्या, ती दाबासाठी बनलेली असते, साध्या पाण्याची किंवा काचेची अजिबात नको, आणि मोठं माणूस जवळ हवं.

शिलाई मशीन, कॉम्प्युटर यांची धूळही जाते, पण आधी ब्रश मारा, नाहीतर धूळ आणखी आत जाते, आणि कॉम्प्युटरचा पंखा बोटाने धरून ठेवा. हवा कधीही कानात, डोळ्यात, जखमेवर मारू नका, मुलं गंमत म्हणून करतात.

सोसायट्यांना माझी विनंती आहे की भंगारात जाणारा एक पंप वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा, रजिस्टरमध्ये नाव लिहून ज्याला हवा त्याने न्यावा. आमच्याकडे तो परवापासून ठेवलाय आणि दोन दिवसांत तीन घरांनी नेला. त्यातल्या एका घरातून सुई परत आली नाही, म्हणून आता सुई आणि निमुळतं तोंड एका छोट्या डबीत घालून डबी पंपाच्या पाइपालाच सुतळीने बांधली आहे. सुई हरवलीच तर खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळते आणि पाइप, पितळी तोंड वगैरे मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात मिळतं.

आपली,
एक वाचक, लालबाग