टपावर दगड कुठून उडतो, ते लेखी कळवा

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय : टप आणि बॉनेटवरचा कंपनीचा रंग सुटणे व वॉरंटी नाकारणे

आज दुपारी तुमच्या विभागीय कार्यालयातून फोन आला आणि माझी तक्रार बंद केल्याचं सांगण्यात आलं. मला न विचारता, लेखी कारण न देता. त्यामुळं यापुढं फोनवर बोलणार नाही. जे काही असेल ते कागदावर.

गाडी पर्ल व्हाइट, केए-२२ पासिंग. बेळगावात वेटिंग जास्त होतं म्हणून कोल्हापूरच्या शोरूममधून घेतली आणि टॅक्स भरून इथं पासिंग करून घेतली. वॉरंटी चालू असतानाच टपावर, पुढच्या काचेच्या कडेला, रुपयाएवढा फुगा आला. सर्व्हिसिंगला दाखवला. ॲडव्हायझरनं जॉबकार्डवर लिहून घेतला आणि ‘सध्या काही करायला नको, बघत राहा’ म्हणाला. पावसाळा संपता संपता फुगा फुटला आणि तिथून तळहाताएवढे पोपडे निघायला लागले. आता टपाचा पुढचा भाग करडा दिसतो. बॉनेटवरही तेच सुरू आहे. दारं, फेंडर, डिकी मात्र जशीच्या तशी आहेत.

माझं उद्यमबागेत पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूच्या मालावर कोरडी रंगाची पावडर भट्टीत भाजून चढवण्याचं युनिट आहे. डिग्रीझिंग, फॉस्फेटिंग, धुणं, सुकवणं, भट्टी, हेच माझं रोजचं काम. माल नीट साफ झाला नाही किंवा भट्टीत नीट भाजला नाही, तर कोटिंग कसं सुटतं ते मी पाहिलेलं आहे. माझ्या गाडीवर गंज नाही, पोचा नाही, ओरखडा नाही. खालचा करडा सीईडीचा थर, म्हणजे सांगाडा टाकीत बुडवून विजेनं चढवलेला प्रायमर, पत्र्याला घट्ट धरून आहे आणि त्याच्या वरचं सगळं कागदासारखं निघून येतंय. म्हणजे पकड सुटली आहे ती दोन थरांच्या मध्ये, आणि ते दोन्ही थर तुमच्याच कारखान्यात चढलेले आहेत. सीईडी इपॉक्सीचा असतो, त्याला ऊन सहन होत नाही. वरचा पांढरा थर पातळ राहिला तर ऊन त्यातून खाली पोचतं, इपॉक्सीची वरच्या बाजूनं भुकटी होते आणि रंग धरायला खाली काही उरत नाही. म्हणूनच जिथं ऊन सरळ पडतं तिथला, टप आणि बॉनेटवरचा, रंग गेला. हे तुमच्या पेंट शॉपमधल्या लोकांना माहीत नाही, असं मी मानायला तयार नाही. टोयोटानं अमेरिकेत पांढऱ्या रंगाच्या काही मॉडेलांसाठी उन्हानं थरांमधली पकड सुटते हे लेखी मान्य करून रंगाची वॉरंटी वाढवून दिली.

मला मात्र आधी बेळगावात सांगितलं, गाडी कोल्हापूरची, तिकडं दाखवा. कोल्हापूरवाले म्हणाले, पासिंग कर्नाटकाचं, तुमचा झोन वेगळा, बेळगावात क्लेम टाका. निपाणीचा नाका ओलांडला की तुमची वॉरंटी बदलते का? पुस्तिकेवर संपूर्ण भारत लिहिलं आहे.

शेवटी बेळगावच्या वर्कशॉपमध्ये तुमचे एरिया इंजिनिअर आले. त्यांनी मीटर लावून टप, बॉनेट, चारी दारं, सगळीकडची रंगाची जाडी मोजली. गाडी पुन्हा रंगवलेली असती तर मीटरनं ते तिथंच दाखवलं असतं. त्यांनी स्वतः माझ्यासमोर टेप चिकटवून ओढला आणि टेपाबरोबर रंग आला. त्यांचा चेहरा मी बघत होतो. आकडे त्यांनी मोबाईलमध्ये लिहून घेतले, फोटो काढले. त्या तपासणीचा रिपोर्ट मागितला तर ‘इंटर्नल आहे’ असं उत्तर मिळालं. गाडी माझी, पैसे माझे, आणि तिच्या तपासणीचा कागद मला बघता येत नाही?

आता आजच्या फोनबद्दल. बोलणारे गृहस्थ मराठीच होते. सुरुवातीलाच म्हणाले, “सर, हे स्टोन चिपिंग आहे, ते कव्हर होत नाही.” मी म्हटलं, “टपावर दगड कुठून उडतो?” ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “तुमच्याकडे पाऊस फार, चोर्ला घाटाकडं तर विचारूच नका. एन्व्हायर्नमेंटल आहे.” मी म्हटलं, “पाऊस दारांवर पडत नाही का?” त्यावर, “तुम्ही इंडस्ट्रियल एरियात गाडी लावता, फाउंड्रीचा धूर असतो.” मी सांगितलं की माझ्या शेडसमोर माझ्या कामगारांच्या गाड्या त्याच धुरात उभ्या असतात, काही तर दहा वर्षं जुन्या आहेत, त्यांचा रंग शाबूत आहे. मग म्हणाले, “वॉरंटी तशीही संपली आहे.” जॉबकार्डची तारीख वाचून दाखवली. ती वॉरंटीतली आहे हे त्यांनाही नाकारता आलं नाही. आणि त्यानंतर ते म्हणाले, “सर, गाडी चालते ना? मग रंगाचं एवढं काय घेऊन बसलात?”

हे वाक्य तुमच्या कंपनीच्या माणसाचं आहे. माझ्या बहिणीचं लग्न एक वर्ष पुढं ढकलून वडिलांनी मला युनिट टाकायला पैसे दिले होते. त्या युनिटच्या कमाईतून घेतलेली ही पहिली नवीन गाडी. पार्टी येते, शेडसमोर माझी गाडी बघते आणि विचारते, हे तुमच्याकडचंच कोटिंग काय? माझ्या धंद्यात या प्रश्नाची किंमत काय असते, ते तुमच्या गृहस्थांना कळणार नाही. माझ्याकडून गेलेल्या मालाची पावडर सुटली तर मी पार्टीला पावसाचं कारण सांगत नाही. माल परत घेतो, घासून पुन्हा करून देतो. ‘वस्तू चालते ना’ असं म्हणण्याची मला लाज वाटेल.

आधी दगड, मग पाऊस, मग धूर, मग मुदत. दगडाचं कारण खरं असेल तर धुराचं खोटं आहे. नेमकं एक कारण ठरवा आणि सहीशिक्क्यानिशी द्या. टपावर दगड कुठून आला, तेही त्यात लिहा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडं तक्रार करू शकतो. म्हणजे मला तुमच्या शहरात यावं लागणार नाही, तुम्हालाच बेळगावच्या आयोगासमोर उत्तर द्यावं लागेल. माझ्या गाडीच्या किमतीला त्या तक्रारीची फी २०० रुपये आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलेली आहे. आयोगानं मागितला तर तो ‘इंटर्नल’ रिपोर्टही तुम्हाला काढावाच लागेल. मी वाद वाढवायला बसलेलो नाही, पण ही गाडी मी स्वतः रंगवूनही घेणार नाही. आयोगाचा तज्ज्ञ येऊन बघेपर्यंत ती अशीच शेडसमोर उभी राहील.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत एरिया इंजिनिअरच्या जाडी तपासणीचे सगळे आकडे आणि फोटो मला द्या. टप आणि बॉनेट सीईडीपर्यंत उतरवून तुमच्या खर्चानं पुन्हा रंगवून द्या आणि त्या कामाची लेखी वॉरंटी द्या. वरवर पॉलिश किंवा टचअप मी स्वीकारणार नाही. जमत नसेल तर नकार लेखी द्या, तारखेसह.

जॉबकार्डची प्रत, टेपासकट निघालेल्या रंगाचे फोटो आणि वॉरंटी पुस्तिकेचं संबंधित पान जोडलं आहे. टेपाचा तो तुकडा माझ्याकडं जपून ठेवला आहे.

एक ग्राहक
उद्यमबाग, बेळगाव