आजी आमच्याकडेच राहते

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत आपल्या मुंबईकरांच्या इंग्रजीची खेचणारा लेख आला होता, त्यात ‘आय ॲम लाइक धिस ओन्ली’ वर भरपूर हसून घेतलंय. मीही हसले. पण मग घरचीच एक भानगड आठवली म्हणून लिहायला बसले.

मुलगी सातवीत, इंग्लिश मीडियम. निबंधात तिने लिहिलं, ‘माय ग्रँडमदर लिव्ह्ज विथ अस ओन्ली’. टीचरने ‘ओन्ली’ला लाल गोल मारला, बाजूला लिहिलं की ओन्ली शेवटी येत नाही, अर्धा मार्क कट. आता शेवटी येत नाही म्हणजे काय? लोकलच्या डब्यावर ‘लेडीज ओन्ली’ काय मधे येतं का? आणि त्याच टीचर ओपन डेला मला म्हणाल्या, ‘प्लीज सिट हिअर ओन्ली’. मी बसले गुपचूप, मार्क पोरीचे असतात ना.

खरी गंमत जागेची नाहीच, अर्थाची आहे. इंग्रजी ‘ओन्ली’च्या पोटात ‘वन’ आहे, एक, बाकी सगळे बाहेर. आपला ‘च’ पण हे काम करतो, ‘मला चहाच हवा’ म्हटलं की कॉफी कटाप. पण तो तेवढ्यावर थांबत नाही ना! ‘मी येणारच’, ‘तो आलाच नाही’, ‘आत्ताच जेवले’, यात कोणाला बाहेर काढलं सांगा बरं, नुसतं बोट ठेवून ठासून सांगितलंय. इंग्रजीत याला कुठे ‘जस्ट’, कुठे ‘डेफिनेटली’, कुठे ‘ॲट ऑल’ असं वेगवेगळं काहीतरी घ्यावं लागतं, आपण मुंबईकर मात्र सगळीकडे एकच ‘ओन्ली’ चिकटवतो, कारण डोक्यात ‘च’ असतो. शाळेच्या व्याकरणात च, मात्र, फक्त, केवळ हे सगळे कैवल्यवाचक, म्हणजे ‘एवढंच, बाकी नाही’ सांगणारे, म्हणून एका खणात कोंबलेत, ते काही माझ्या मनाला पटत नाही.

आणि जागेचंच म्हणाल तर आपला ‘च’ इंग्रजीपेक्षा शहाणा. ‘आय ओन्ली वेंट टू दादर’ म्हटलं तर फक्त दादरला गेले की फक्त जाऊन आले, खरेदी काही नाही, हे बोलणाऱ्याच्या आवाजावरून ओळखायचं, कागदावर आवाज कुठून आणणार. मराठीत मीच दादरला गेले, मी दादरलाच गेले, मी दादरला गेलेच, ज्या शब्दाला चिकटला त्याचाच झाला, विषय संपला.

‘फक्त’ची गोष्ट वेगळी, तो अरबीतून फारसीमार्गे आलेला आणि आमच्या पतपेढीत त्याच्याशिवाय पान हलत नाही. ‘अक्षरी रुपये पाच हजार फक्त’. ते ‘फक्त’ कशाला, तर पुढे कोणी हळूच ‘पाचशे’ घुसवू नये म्हणून लावलेली कडी. काउंटरवरच्या नवीन पोरीने परवा ती कडीच लावली नाही आणि वर विचारते, मॅडम, पाच हजार काय फक्त असतात का, खूप असतात की! बरोबरच आहे म्हणा तिचं, तिच्या पगारात.

तर लेखकाला एवढंच सांगायचंय की हा ‘ओन्ली’ अडाणीपणातून आलेला नाही, तो मराठीतून (आणि हिंदीच्या ‘ही’तून पण) सरळ चालत आलाय. परीक्षेत लिहू नये हे मान्य, मी पण मुलीला तेच सांगितलं.

तिने पुढच्या निबंधात ‘ओन्ली’ काढला, पूर्ण मार्क मिळाले. सासूबाईंना हौसेने मराठीत करून वाचून दाखवत होती, ‘आजी आमच्याकडे राहते’. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, ‘आमच्याकडे काय गं, आमच्याकडेच म्हण, पाहुणी आहे का मी?’

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई