एकांकिकेतला नवरा काम काय करतो?

संपादक महोदय,

युवक महोत्सव जवळ आले की परभणी, नांदेड, लातूरच्या महाविद्यालयांत नवरा-बायकोच्या विनोदी एकांकिकांच्या तालमी सुरू होतात. त्यांतला नवरा 'कामावरून' येतो, पण काम कोणते ते शेवटपर्यंत कळत नाही. मग विनोदाला उरते काय, तर बायकोचे माहेर नि तिचे वजन. लिहिणाऱ्या मुलामुलींनी 'द डिक व्हॅन डाइक शो' ही जुनी अमेरिकन मालिका बारकाईने पाहावी, असे आम्हाला कळकळीने वाटते.

कार्ल रायनरने घडवलेली ही मालिका १९६१ ते १९६६ चालली, १५८ भाग. रॉब पेट्री टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमाचा मुख्य लेखक. घरी बायको लॉरा; कचेरीत सहलेखक सॅली टाइपरायटरवर, दुसरा सहलेखक बडी कोचावर आडवा, रॉब येरझाऱ्या घालतोय. काम डोळ्यांसमोर घडते, म्हणूनच त्याची झळ घरात पोचते.

१९६५ चा एक भाग घ्या. टीव्हीवरच्या दुसऱ्याच एका कार्यक्रमात लॉरा बोलून जाते की नवऱ्याचे साहेब, ॲलन ब्रेडी, केसांचा टोप घालतात. ती माफी मागायला जाते, तर साहेब उघड्या टकलाने बसलेले, टेबलावर टोपांची रांग, आणि ते त्या टोपांशीच बोलताहेत. हशा नुसत्या टकलाला नाही. रॉबची नोकरी जाते की काय, या धास्तीला आहे.

हेच मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आणा. मुनिमाची बायको हळदीकुंकवात बोलून जाते, की दुकानातले ओलावा मोजायचे यंत्र १२ टक्क्यांचे सोयाबीन १४ दाखवते, म्हणजे शेतकऱ्याचा भाव कापला जातो. आडत्याची बायको शेजारीच बसलेली! पुढचा प्रवेश दुकानात, यंत्र टेबलावर. मात्र यंत्राचा उल्लेख पहिल्या पाच मिनिटांत होऊन जाऊ द्या. ऐन वेळी समजावत बसलात की हशा गेलाच.

ही मालिका प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी चित्रित होई, त्यामुळे नट हशासाठी थांबतात. आपल्याकडे तालीम रिकाम्या खोलीत होते आणि प्रयोगात पुढचे वाक्य हशात बुडते. शेवटच्या तीन-चार तालमींना संहिता न ऐकलेले दहा-बारा जण बसवा. हशा चढत असताना गप्प राहा. उतरू लागला की, पुरता विरण्याआधी, बोला. घर डावीकडे, दुकान उजवीकडे कायम मांडून ठेवा आणि प्रवेश प्रकाशानेच बदला. अंधारात खुर्च्या सरकवत बसलात की तापलेले नाट्यगृह गार पडते.

सुरुवातीच्या भागांत ॲलनचा चेहरा दाखवतच नसत. आवाज, फार तर पाठमोरे डोके. आडत्याही त्या दुकानातल्या प्रवेशापर्यंत विंगेतूनच ओरडू द्या.

— नाट्यप्रेमी वाचक, परभणी